तीन वाजताचा आकडा

रात्री तीनला वुनपिनीच्या बोटाला सुई टोचली,
थेंब आला, यंत्रानं आकडा दाखवला: दोन पूर्णांक नऊ.
त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला,
हरमटानचा वारा दाराच्या फटीतून धूळ आत सारतोय
आणि वीज गेलेली, अर्थातच.

मी गटावर नुसता आकडा टाकला.
नाव नाही, प्रश्न नाही.
आमच्यात आकडा म्हणजेच हाक.

येंडीहून कातारी, सगळ्यांच्या आधी:
"गिळतोय का? मग साखरेचं पाणी, तीन चमचे, मोजून.
गिळत नसेल तर पाजू नकोस,
मध घे, हिरडीला चोळ, दवाखाना गाठ.
पंधरा मिनिटांनी परत टोच. मी आहे."

पंधरा मिनिटं फार मोठी असतात.
तेवढ्यात मी सगळं आठवून घेते.

डॉक्टरांच्या कागदावर फ्रिजचं चित्र होतं.
मी शिवणकाम करते, सावेलुगूत, एका खोलीत;
चित्रातलं ते दार कुठे उघडायचं?
मग बोल्गातांगाच्या म्हाताऱ्या आतांगानं सांगितलं:
माठात माठ ठेव, मधल्या फटीत ओली वाळू,
वर ओलं फडकं. माठ भिजू दे, कुपी नको.
बोलता बोलता खोकत होता तो,
मागे शेळ्या ओरडत होत्या.
त्या शेळ्यांसकट मला तो माठ पाठ झाला.

सगळेच शहाणे नव्हते.
नैंदूनं कडू पाल्याचा रस सुचवला, इन्सुलिन सोडा म्हणाला,
त्याला आम्ही इतकं झोडपलं की गट सोडून गेला.
अकराव्या दिवशी परत आला. काही बोलला नाही.
त्याच्या मुलीचा आकडा टाकला फक्त.
कातारीनंच उत्तर दिलं.

दुकानांतलं औषध संपलं तेव्हा
कुप्या बसनं फिरल्या, भाताच्या डब्यात, ओल्या फडक्यात.
ड्रायव्हर विचारायचा, यात काय आहे?
आम्ही म्हणायचो, मूल आहे. हळू चालव.

जूनमध्ये कातारीची तियुंबा गेली.
दोन दिवस गटावर कुणी अक्षर लिहिलं नाही.
काय लिहिणार? आमची सगळी अक्कल
तिनंच तर शिकवलेली.
तिसऱ्या दिवशी तिचा आवाज आला, कोरडा:
"दोन कुप्या उरल्यात. ऑगस्टपर्यंत चालतील. कुणाला?"
कुणी पुढे होईना.
मला लाज वाटली,
आणि मीच म्हटलं, मला.

मग आम्ही जिल्ह्याच्या कार्यालयावर गेलो,
रिकाम्या कुप्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलेल्या.
चालताना किणकिणत होतो, जत्रेतल्या बैलांसारखे.
तिथे पहिल्यांदा एकमेकींची तोंडं पाहिली.
एक बुटकी बाई जवळ आली, मी ओळखलं नाही.
"टोचलंस का आज?" म्हणाली,
आणि मी भर उन्हात तिच्या गळ्यात पडले;
दोघींच्या कुप्या एकमेकींत अडकल्या,
सोडवायला तिसरी लागली.

साहेबांनी विचारलं, तुमचा पुढारी कोण?
आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.
मग एक्केचाळीस कागद टेबलावर ठेवले,
रात्री तीनचे आकडे, फक्त आकडे.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
सहा महिन्यांचा साठा येईल म्हणाले.
आला अडीच महिन्यांचा.
उरलेल्या साडेतीनसाठी पुन्हा जायचंय, सोमवारी.

पंधरा मिनिटं झाली. टोचलं.
चार पूर्णांक सहा. वुनपिनीनं कूस बदलली, लाथ मारली मला.
मी आकडा टाकला.
"झोप आता," कातारीनं लिहिलं.
तिच्या घरात टोचायला आता कुणाचं बोट नाही.

मी फोन उपडा ठेवणार, इतक्यात
एक अनोळखी नंबर: एकवीस.
बस, एवढंच.
कातारी काहीतरी लिहितेय असं दिसलं.
मग थांबलं.
बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

माझ्यासाठी थांबली होती ती.